थांब म्हणायचं नाव

बाजारात एक ट्रक मागं घेत होते आणि कुणीतरी ड्रायव्हरला 'थांब!' म्हणून ओरडलं. झालं ते एवढंच. पण आमच्या भाषेत थांबला 'स्तानी' म्हणतात, आणि माझं नाव आहे स्ताना. शेवटच्या स्वराचा काय तो फरक, आणि बाजाराच्या गलक्यात कोण स्वर ऐकत बसतंय? मी लाल मिरच्यांच्या पोत्यांपाशी उभी होते. सप्टेंबरात अख्खं बेलग्रेड मिरच्या भाजत असतं, गल्लीगल्लीत तो खरपूस वास, तर म्हटलं आपणही पाचेक किलो घ्याव्यात. सातवा संपत आला होता. पोटातलं पोर सकाळपासून धिंगाणा घालत होतं. एक लाथ बरगडीखाली, एक जरा बाजूला. मी मिरचीवालीला म्हणत होते, "भाव कमी कर बाई, आत कुणाला तरी पटत नाहीये बघ." ती हसली, मी हसले, आणि तेवढ्यात अगदी पाठीमागून आवाज आला, पुरुषी, घाबरलेला. "स्तानी! अरे स्तानी!" मला वाटलं, मलाच. मी जागच्या जागी थिजले. हात आपसूक पोटावर गेला. आणि पोटातलं ते, माझ्याबरोबरच, थांबलं.

ट्रकही थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून ओरडणाऱ्याला आईवरून एक ठेवणीतली शिवी हासडली, त्यानं परत केली, लोक खदखदले आणि बाजार पुढं सुरू झाला. मिरचीवाली म्हणाली, "काय गं, पांढरीफटक पडलीस? बस की त्या पोत्यावर." मी म्हटलं, "काही नाही." खरंच काही नव्हतं. तेच तर! आत काही नव्हतं. मी हातानं हळूच दाबलं, मग जरा जोरात, दाराशी कुणी ओ देत नसलं की आपण पुन्हा कडी वाजवतो तसं. पोट जड होतं, गरम होतं, माझंच होतं, पण त्यात कुणी वळत नव्हतं. मिरच्या तिथंच टाकून मी निघाले. बाजाराच्या कोपऱ्यावर बाकावर बसून साखरेचे दोन खडे तोंडात टाकले, कारण डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं की गोड खा, डाव्या कुशीवर व्हा, हलेल. आता बाकावर कुशीवर कशी होणार? डावीकडं कलून बसले. एक म्हातारा कबुतरांना पाव घालत होता, तो म्हणाला, "पोरी, बरं वाटत नाही का?" मी त्याला म्हटलं, "गप्प बसा हो जरा." ऐकत होते ना मी. आपल्याच पोटाला कान लावता येत नाहीत, आणि तरी सगळं अंग कान होऊन बसलेलं. साखर विरघळली. कबुतरं उडाली. काही नाही.

झोपलं असेल, असं मी मला म्हटलं. पोरं झोपतात. पण मी त्याच क्षणी पाहिलं होतं, आवाज आला आणि ते थांबलं. झोप अशी हाकेसरशी लागत नाही. आणि नावाची गोष्ट मला काही नवी नव्हती. मला छत्तीस वर्षं ठाऊक होतं की हे नाव काम करतं. मी चौथी मुलगी. वालयेवोच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. माझ्याआधीच्या तिघी, मिल्याना, ल्युबित्सा आणि रोसा, म्हणजे लाडाची, प्रेमाची आणि दवाची. किती छान नावं! दर वेळी बाबांनी मनाचा मोठेपणा केला. चौथ्या वेळी त्यांचा मोठेपणा संपला. दोन दिवस ते घरी आले नाहीत, प्लमच्या दारूत बुडून बसले. आमच्याकडं मुलाचं नाव बाप ठेवत नाही, कुम ठेवतो. कुम म्हणजे धर्मपिता, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यातला, आणि त्यानं चर्चमध्ये पाद्र्यासमोर जे नाव उच्चारलं ते अखेरचं, आईबापांनी तोंड उघडायचं नाही. आमचा कुम आक्सेंतिये. पाद्र्यानं विचारलं, "नाव?" आणि तो म्हणाला, "स्ताना." थांब. पुरे झाल्या पोरी. जेवणावळीत बाबांनी टेबलावर मूठ आपटून म्हटलं, "मी देवाला सांगितलं, थांब बाबा आता!" आणि मंडप हसून हसून लोळला म्हणतात. दोन वर्षांनी माझा भाऊ झाला. त्याचं नाव झेलिमिर. झेल्या म्हणजे इच्छा. हवासा वाटणारा, मागून घेतलेला. गावात सगळे म्हणाले, नाव लागू पडलं. बाबा मला खांद्यावर घेऊन गावभर हिंडले, एकदाच. त्या एका दिवशी मी त्यांची फार लाडकी होते.

लागू पडलेलं नाव म्हणजे काय ते मला सहाव्या वर्षी कळलं. शेजारी वेलिंका नावाची बाई होती, तिलाही चार मुलीच, आणि पाचव्यांदा दिवस गेलेले. तिनं मला कुंपणापाशी बोलावलं, हातावर मधाची पोळी ठेवली आणि म्हणाली, "ये गं माझी गुणाची, जरा इथं हात ठेव. आणि तुझं नाव सांग त्याला." मला मजा वाटली. मी तिच्या घट्ट, गरम पोटावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "स्ताना." आतून काहीतरी माझ्या तळव्याला लागलं आणि मी खिदळले. पुढच्या आठवड्यात वेलिंकाच्या दारासमोर बाया काळे रुमाल बांधून उभ्या होत्या. मूल आतच गेलं होतं. मला कुणी काही बोललं नाही, हीच तर भीती. कुणी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. वेलिंकानं पुन्हा मला पोळी दिली नाही. ती मला बघून घरात जायची, आणि मी कुंपणापाशी उभी राहून विचार करायची की मुली थांबव म्हणून सांगितलं होतं, मग सगळंच कसं थांबलं? नावाला काय कळतं, काय थांबवायचं आणि काय नाही? त्याला एकच शब्द येतो.

मोठेपणी मी हसून घेतलं सगळ्यावर. शाळेत पोरं "स्ताना, स्तानी!" म्हणत माझ्यामागं पळायची, मी उलटून दगड मारायची. शहरात आले, दात बनवायचं काम शिकले. कवळ्या, कॅप, प्लास्टरच्या जबड्यांत बसून राहायचं, तोंडानं गाणं आणि हातात दुसऱ्यांचे दात. तिथं आमचा म्हातारा उस्ताद मला 'सिग्नल' म्हणायचा. "सिग्नल आली रे, थांबा सगळे, कॉफी!" मीही हसायची. लग्न झालं ते ग्वोज्देनशी. ग्वोज्देन म्हणजे लोखंड; त्याच्या आईची दोन मुलं गेली म्हणून तिसऱ्याला असं टणक नाव. डॅन्यूबवर मालाच्या बोटीवर असतो, महिन्यातले वीस दिवस व्हिएन्नाकडं नाहीतर खाली समुद्राकडं. तो म्हणायचा, "लोखंड आणि ब्रेक, काय जोडी जमलीय! आपली गाडी कधी घसरायची नाही." पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. डॉक्टर पडद्यामागून हात पुसत आले आणि काय म्हणाले? "वाढ थांबलीय." तोच शब्द. दुसरा कुठला शब्द नव्हता का भाषेत? दुसरं सहाव्या महिन्यात, आणि दुसरा डॉक्टर, दुसरा दवाखाना, आणि पुन्हा तेच, "हृदय थांबलंय, बाई." ग्वोज्देनला मी यातलं काही सांगितलं नाही. त्यानं मला मिठीत घेऊन म्हटलं असतं, वेडी आहेस. मग मी काय करणार होते, शहाणपणानं?

म्हणून त्या दिवशी मी दवाखान्यात गेले नाही. तुम्ही म्हणाल, चालत दहा मिनिटांवर प्रसूतिगृह आणि ही बाई बाकावर बसून साखर काय खाते? मला तो शब्द तिसऱ्यांदा ऐकायचा नव्हता. जोवर कुणी म्हणत नाही तोवर ते झालेलं नाही, असा माझा हिशेब. पाय मला बसकडं घेऊन गेले, नदीपलीकडच्या झेमूनच्या, आईकडं. बाबा गेल्यापासून आई झेलिमिरकडं असते. बस पुलावर आली, खाली सावा नदी मळकट, सुस्त. बसमध्ये एका मुलीनं उठून जागा दिली आणि म्हणाली, "कधी आहे?" मी म्हटलं, "डिसेंबरात." खोटं बोलल्यासारखं वाटलं. प्रत्येक थांब्यावर ब्रेक लागला की मी हात घट्ट धरायची. धक्क्यानं पोट हलायचं आणि क्षणभर वाटायचं, हललं! नाही, बस हलली. मी मनात दूर बोटीवरच्या ग्वोज्देनला शिव्या घालत होते, आक्सेंतियेला, मेलेल्या बाबांना. नाव परत घ्या तुमचं, असं मी आईला सांगणार होते. चप्पल परत करतात, आलेली भांडी परत करतात, मग नाव का नाही? तुम्ही ठेवलंत, तुम्हीच काढा. मला दुसरं कसलंही द्या, दगड, चिखल, शेण म्हणा हवं तर. पण आज, आत्ता, उशीर व्हायच्या आत.

आई गॅलरीत पत्र्यावर मिरच्या भाजत होती, डोक्याला रुमाल, बोटं काळी. माझी आई दारिंका, चार फूट दहा इंच आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. "आज कशी उगवलीस?" म्हणाली. "आणि रिकाम्या हातानं? मला वाटलं बाजारातून येतेयस."

"आई, ते हलत नाहीये."

"काय हलत नाहीये?"

"दहा वाजल्यापासून."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेबारा होऊन गेले होते. तिच्या हातातली मिरची पत्र्यावर पडली आणि चरचरली. "आणि तू इथं आलीस?" ती म्हणाली. "माझ्याकडं? मी काय डॉक्टर आहे? अगं मूर्खे, अक्कल कुठं गहाण टाकलीस? दहापासून! शहराच्या मध्यावर होतीस ना तू, डोंगरात होतीस का?" मी दाराला टेकून रडायला लागले. तिनं मिरच्यांवर बादलीभर पाणी ओतलं, रुमाल तसाच, चपला तशाच, वर कोट चढवला आणि माझा दंड धरून जिना उतरायला लागली. जी बाई बसच्या तिकिटाला कुरकुरते तिनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून टॅक्सी अडवली. गाडीत अगोदरच एक माणूस बसला होता, त्याला म्हणाली, "उतर रे बाळा, ही बाळंत होतेय." तो बिचारा उतरला.

"आई, मी बाळंत नाही होत."

"गप्प बस. चला हो!"

ड्रायव्हर मिशावाला, पोट स्टिअरिंगला लागलेलं. म्हणाला, "आजी, सिग्नल मोडू का?"

"मोड की! विचारतोस काय?"

गाडी सुटली आणि माझ्यानं राहवलं नाही. जे छत्तीस वर्षं दाताखाली धरलं होतं ते सगळं बाहेर पडलं, त्या परक्या माणसादेखत. म्हटलं, "आई, माझ्या नावाची नाट आहे. मी हात लावीन ते थांबतं. वेलिंकाचं थांबलं, माझी दोन थांबली, आज कुणीतरी बाजारात ओरडलं आणि हेही थांबलं. तुम्हाला मुलगा हवा होता, मिळाला ना? मग काढा आता हे माझ्यावरून. कुम मेला, बाबा मेले, तूच राहिलीस, तूच काढ!" मी किंचाळत होते बहुतेक. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि डोळे काढून घेतले. आईनं विचारलं, "तुला कुणी सांगितलं, ते नाव पोरींना थांबवायला होतं म्हणून?"

"अख्ख्या गावानं! बाबांनी!"

"तुझ्या बाबांनी! त्या दिवशी तुझ्या बाबांना स्वतःची टोपी सापडत नव्हती, ते सांगणार!" तिनं काळ्या बोटांनी नाक पुसलं, गालावर काजळी लागली. "रोसानंतर तू नाहीस. रोसानंतर एक मुलगा होता."

मी म्हटलं, "कुठला मुलगा?"

"नऊ दिवस होता. तुझे बाबा खाणीवर होते, ते आले तेव्हा पुरून झालं होतं. त्यांनी त्याला पाहिलाच नाही, म्हणून तो नव्हताच. त्यांनी एकदाही नाव काढलं नाही, मग मी कशी काढू? मग तू झालीस. एवढीशी, निळी. सुईण म्हणाली, हिला जीव लावू नको, शनिवार बघायची नाही ही. तिसऱ्याच दिवशी घाईनं चर्चमध्ये नेली तुला. दारात आक्सेंतियेनं मला विचारलं, काय मागतेस, दारिंका? कुम विचारत नसतो, पण त्यानं विचारलं, माणूस चांगला होता. मी म्हटलं, थांबू दे हिला. दुसरं काही नको, नुसती थांबू दे. म्हणून त्यानं ते नाव घेतलं. स्ताना. अगं, 'थांब' काय फक्त गाडीलाच म्हणतात? पाहुणा उठायला लागला की आपण काय म्हणतो? थांब ना, एवढ्यात जाऊ नको. तसं म्हटलं होतं तुला."

"आणि जेवणावळीतलं?"

"ते बापाचं. त्याला चार पोरींची लाज वाटत होती, त्यानं विनोद केला, लोकांना विनोद आवडला. विनोद राहतो, मुला. दुसरं कोण लक्षात ठेवतं?" आमच्याकडं आया मुलींनाही लाडानं मुला म्हणतात. त्या दिवशी ते ऐकून मला भडभडून आलं आणि संतापही आला. म्हटलं, "छत्तीस वर्षं! एकदा बोलली असतीस! मी सहा वर्षांची होते आई, मला वाटलं मी वेलिंकाचं मूल मारलं."

आईनं माझ्याकडं वळून बघितलं, अगदी गोंधळून. "मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "मी रोज हाक मारत होते की तुला."

ड्रायव्हरनं नाक ओढलं. पूल मागं गेला. मला खरंच सांगता येत नाही की मी तिच्यावर विश्वास ठेवला की नाही. आईला वेळेवर खोटं बोलता येतं. बाबांच्या आजारात तिनं त्यांना वर्षभर सांगितलं की तुम्हाला साधा अल्सर आहे. नऊ दिवसांचं मूल ती टॅक्सीत बसल्याबसल्या जन्माला घालू शकते, मला शांत करायला. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले, तिथं काजळी होती आणि सुरकुत्या होत्या आणि काही सापडत नव्हतं. आणि भीती? ती तसूभर कमी झाली नव्हती. शब्दाचा अर्थ बदलला तरी पोट तसंच होतं, जड आणि मुकं. जाऊ नको म्हणायचं असेल तर तेही कधीच म्हणायला हवं होतं, आणि मी काय केलं? मी जन्मभर ते नाव आवळून धरलं, हळू बोलले, दिवस गेले की घरात कुणाला माझं नाव मोठ्यानं घेऊ दिलं नाही. ग्वोज्देनला म्हणायचे, "अगं म्हण, ए म्हण, बायको म्हण." पोटातल्यानं सात महिने 'थांब' हा शब्द ऐकलाच नव्हता, तो त्या ट्रकपर्यंत.

दारात आईला अडवलं. आमच्या प्रसूतिगृहांत नातेवाइकांना आत पाऊल टाकू देत नाहीत, नवऱ्यालासुद्धा. मला कपडे उतरवून टेबलावर घातलं. सुईण जाडजूड, तोंडात लवंगेचा वास. तिनं लाकडी नळी पोटावर टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान. मी तिच्या डोळ्यांकडं बघत होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, ते खिडकीच्या चौकटीवर होते. नळी हलवली. खाली. डावीकडं. तिच्या कपाळाला आठी पडली आणि मला कळलं की आता ती तो शब्द म्हणणार, तिचे ओठ त्या शब्दासाठी उघडतायत, आणि मी तिचं मनगट धरलं, "बोलू नका! कृपा करून बोलू नका!" ती म्हणाली, "शूऽऽ! तू बोलू नकोस!" पुन्हा ऐकलं. माझ्या आयुष्यात एवढा वेळ कधी गेला नाही. मग तिनं डोकं वर केलं आणि दाराकडं ओरडली, "डॉक्टरांना बोलवा! आहे, पण दमलंय फार. चला, चला, आत्ता!" मग चाकांचा पलंग, दिवे, कुणाची तरी थंड बोटं, आणि मला कुणी विचारलं, "नाव?" मी म्हटलं, "स्ताना." "पूर्ण सांगा." मी पुन्हा म्हटलं, "स्ताना," आणि पुढचं मला आठवत नाही.

मुलगी. पावणेदोन किलोही नाही. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसवून मला नेलं आणि काचेच्या पेटीसमोर ठेवलं. आत एक लाल, सुरकुतलेलं काहीतरी, तोंडावर नळी, बरगड्या अशा खालीवर होत होत्या की प्रत्येक वेळी वाटावं, ही शेवटची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तीन दिवस. तीन दिवस काढले तर बघू." माझी नजर पायावर गेली. काडीएवढ्या घोट्याला पट्टी होती आणि पट्टीवर शाईनं लिहिलं होतं, स्ताना. मी नर्सला म्हटलं, "हे काय? हे काढा! हिचं नाव नाही ते!" ती तरुण होती, दमलेली. म्हणाली, "अहो ताई, नाव पडेपर्यंत आईचंच लावतात. नाहीतर अदलाबदल व्हायची. सगळ्यांनाच लावतो." सगळ्यांनाच. मी पेटीच्या कडेला बोटं रोवून बसले. ती पट्टी फाडायला मी हात घातलाही असता, गोल भोक होतं काचेला, हात जाईल एवढं. घातलाच. पण हात आत गेल्यावर ऊब लागली, आणि एका बोटानं मी तिच्या पोटाला शिवले. माझा हात. वेलिंकाच्या पोटावर ठेवलेला तोच. भीतीनं माझे दात वाजत होते, खोटं नाही सांगत, मला स्वतःला ऐकू येत होते. काढून घेऊ का? शिवू नको का? ती श्वास घेत होती, सोडत होती, मध्ये विसरत होती, पुन्हा घेत होती. विसरली की माझाही थांबायचा.

आपलं नाव आपण कधी कुणाला हाक मारायला वापरत नाही. दुसरे वापरतात, आपण ओ देतो. मला तोंडातून काढायला फार वेळ लागला. नर्स पलीकडच्या पेटीकडं गेली तेव्हा मी भोकाशी वाकून म्हटलं, "स्ताना." आवाज फुटला नाही नीट. पुन्हा म्हटलं. आईनं म्हटलं असेल तसं, कुणी दाराशी उठून उभं राहिलं की म्हणतो तसं, थांब ना गं, एवढ्यात काय, आत्ता तर आलीस. मला ठाऊक नव्हतं शब्दाचा कुठला अर्थ तिच्यापर्यंत जातोय. दोन्ही एकाच अक्षरांत बसलेले, आणि निवड करणारी मी नव्हते. तरी म्हणत राहिले. तीन दिवस, जेवढा वेळ बसू देतील तेवढा. त्यांनी खोलीत नेऊन टाकलं की उशीत तोंड घालून म्हणायची. खोलीतल्या बाकीच्या बायका खिडकीशी जायच्या. खाली रस्त्यावर नवरे, सासवा, आया उभ्या असायच्या आणि वर तोंड करून ओरडायच्या, कुणावर गेलाय, वजन किती, टाके दुखतात का. एक बाई मला म्हणाली, "तुझी आई रोज येते, कोट घातलेली बुटकी. जा की एकदा." मी गेले नाही. काय सांगणार होते? ती खालून ज्या नावानं हाक मारत होती ते मला वरपर्यंत ऐकू यायचं आणि मी पांघरूण ओढून घ्यायची.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, कागद बघितले, पेटीत वाकल्या, नळी काढून बाजूला ठेवली आणि मला म्हणाल्या, "तुमची लेक मोठी चिवट. जायचं नाव घेत नाही." त्यांना वाटलं मी हसेन. मी उठले, टाके धरून, भिंतीला धरून, बायकांना बाजूला सारून खिडकीशी गेले आणि दोन्ही दारं उघडली. खाली गर्दी होती. आई पुढंच होती, तोच कोट, तोच रुमाल. मला बघून तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले. चार दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तिनं "स्ताना!" म्हणून हाक मारली नि पुढं विचारायचं तिला धाडसच होईना, नुसती बघत राहिली. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "थांबली! आई, थांबली!"

खाली एकदम सगळं शांत झालं. तांबडी फुलं घेऊन उभ्या असलेल्या एका माणसानं हळूच टोपी काढून छातीशी धरली. शेजारच्या बाईनं छातीवर क्रूसाची खूण केली, दुसरीनं आईला पडू नये म्हणून कोपराला धरलं. आईनं तिचा हात झटकून टाकला. तिचं तोंड रडण्यानं आणि हसण्यानं वेडंवाकडं झालं होतं, आणि ती त्या भल्या माणसाच्या अंगावर धावून गेली. "टोपी काय काढतोस, टोपी घाल!" ती ओरडली. "थांबली म्हणतेय ना माझी पोर! ऐकू येत नाही का?"